एकच सोटो, तीन शहरं, तीन निरोप: स्टार खेळाडू संघ सोडतो तेव्हा बेसबॉलचे चाहते कुणावर चिडतात?

16 मे 2025, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. शहरातल्याच दुसऱ्या संघाचा, मेट्सचा हुआन सोटो फलंदाजीला उतरला आणि अख्ख्या मैदानानं त्याची हुर्यो उडवली. त्यानं हसत हसत हेल्मेट काढून प्रेक्षकांना अभिवादन केलं. पुढे यांकीजची बॅटिंग आली आणि सोटो राइट फील्डला जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे ब्लीचर्स म्हणून ओळखले जाणारे बाक आहेत. तिथली मंडळी उठली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

या बाकांची एक जुनी रीत आहे. सामना सुरू झाला की पहिल्याच इनिंगमध्ये इथले प्रेक्षक मैदानावरच्या यांकी खेळाडूंची हजेरी घेतात. एकेकाच्या नावाचा गजर करायचा, तो हात वर करीपर्यंत थांबायचं नाही, मग पुढचं नाव घ्यायचं. 2024 च्या हंगामात या हजेरीत सोटोही होता. त्या वर्षी त्यानं 41 होमरन ठोकले (होमरन म्हणजे बेसबॉलमधला षटकारच). क्लीव्हलंडमध्ये दहाव्या इनिंगला त्यानं मारलेल्या होमरनमुळे यांकीज 2009 नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत पोचले. सात महिन्यांत हजेरीपटावरून त्याचं नाव गेलं.

आता 12 ऑगस्ट 2022 कडे वळू. तोच सोटो वॉशिंग्टनला परतला होता. नॅशनल्स हा त्याचा पहिला संघ. दहाच दिवसांपूर्वी तो सान डिएगोच्या पाड्रेसकडे गेला होता. प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशात तो मैदानात आला, तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माणूस तोच, खेळही तोच. मग एका गावात टाळ्या आणि दुसऱ्या गावात पाठ का? ‘चाहते भावनिक असतात’ एवढं म्हणून सोडून देता येईल, पण या रागाला बऱ्यापैकी हिशेब असतो. तो समजायला आधी बेसबॉलमधल्या करारांचं घड्याळ समजून घ्यावं लागतं.

सहा वर्षांचं घड्याळ

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळाडू पहिल्यांदा मैदानावर उतरला की त्याच्या सेवेचे दिवस मोजायला सुरुवात होते. 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. पूर्ण हंगाम साधारण 187 दिवसांचा असतो, म्हणजे पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी वर्ष पदरात पडतं. अशी सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडूवर हक्क संघाचा. त्याला कुठे पाठवायचं, ठेवायचं की सोडायचं हे संघ ठरवतो. सहा वर्षं भरली की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो आणि कुणाशीही करार करू शकतो.

या सहा वर्षांतली पहिली दोन-तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. 2024 मध्ये ही किमान रक्कम 7 लाख 40 हजार डॉलर होती. त्यानंतर दरवर्षी पगारावर लवादाची सोय असते. खेळाडू आपला आकडा मांडतो, संघ आपला मांडतो, जमलं नाही तर लवाद दोनपैकी एकच आकडा उचलतो, मधला तोडगा काढत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा सुनावणीआधीच समेट होतो. सोटोला असे चार हंगाम मिळाले: 2021 मध्ये 85 लाख, मग 1.71 कोटी, मग 2.3 कोटी आणि 2024 मध्ये 3.1 कोटी डॉलर.

संघ या घड्याळाशी कसे खेळतात हे पाहायचं तर शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचं उदाहरण घ्या. 2015 च्या हंगामाआधीच्या सराव सामन्यांत तो धडाक्यात खेळत होता, तरी त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि 17 एप्रिलला वर बोलावलं. हंगाम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले 171. एका दिवसानं वर्ष हुकलं आणि कब्जला तो आणखी एक हंगाम मिळाला. त्यानं तक्रार केली, पण 2020 मध्ये निकाल संघाच्या बाजूनं लागला. ही चलाखी पाहून कब्जचे चाहते तेव्हा फारसे चिडले नव्हते, कारण फायदा त्यांच्याच संघाचा होता. हेच खेळाडूनं केलं असतं तर?

सोटोचा पहिला सामना 20 मे 2018 चा. त्या वर्षी त्याचे 134 दिवस भरले. तिथून बोटांवर मोजलं तरी कळतं की तो 2024 च्या हंगामानंतर मोकळा होणार. निरोपाची वेळ पहिल्याच वर्षी लिहून ठेवलेली होती. ती बदलण्याचा मार्ग एकच: मुदत संपण्याआधी दीर्घ करार. नॅशनल्सनी 2022 च्या जुलैत त्याला 15 वर्षांसाठी 44 कोटी डॉलर देऊ केले आणि त्यानं नकार दिला. एकूण आकडा प्रचंड दिसतो, पण वर्षाला सरासरी तीन कोटींच्याही खाली येतो आणि सोटोच्या तोडीच्या खेळाडूंना त्याहून जास्त मिळत होते. शिवाय मालक कुटुंब तेव्हा संघ विकायच्या विचारात होतं. पुढचा मालक कोण हेच माहीत नसताना पंधरा वर्षं कुणाच्या हवाली करायची?

संध्याकाळची मेथी

करार जमत नाही म्हटल्यावर संघापुढे प्रश्न येतो की खेळाडूला आत्ता द्यायचं की मुदत संपेपर्यंत ठेवायचं. इथे भाजीबाजाराचा नियम चालतो. सकाळी मेथीच्या जुडीला जो भाव असतो तो संध्याकाळी राहत नाही, आणि रात्री उरलेली जुडी तर कुणी फुकटही नेत नाही. खेळाडूच्या कराराचे जितके महिने शिल्लक, तितका त्याचा मोबदला जास्त.

2 ऑगस्ट 2022 ला वॉशिंग्टननं सोटोला दिलं तेव्हा अडीच हंगाम शिल्लक होते. त्याच्यासोबत जॉश बेलही गेला आणि बदल्यात सहा खेळाडू आले. त्यात सी. जे. अब्राम्स, मॅकेंझी गोर आणि जेम्स वुड होते. हे तिघेही पुढे नॅशनल्सकडून ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. डिसेंबर 2023 मध्ये सान डिएगोनं त्याला यांकीजला दिलं तेव्हा एकच हंगाम उरला होता. सोटो आणि ट्रेंट ग्रिशम यांच्या बदल्यात पाच जण आले. आणि 2024 च्या शेवटी तो न्यूयॉर्कमध्ये मोकळा झाला, तेव्हा यांकीजच्या हाती काय लागलं? पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली चौथ्या फेरीनंतरची एक जागा. सहा खेळाडू, पाच खेळाडू आणि शेवटी शाळकरी किंवा कॉलेजातला एखादा मुलगा निवडण्याचा हक्क.

त्या हक्कामागेही एक यंत्रणा आहे, तिला क्वालिफाइंग ऑफर म्हणतात. वर्ल्ड सिरीज संपली की संघ आपल्या मोकळ्या होणाऱ्या खेळाडूला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव देतो. ही रक्कम लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या 125 खेळाडूंची सरासरी असते, 2024 च्या शेवटी ती 2.105 कोटी डॉलर होती. खेळाडूनं नकार देऊन दुसरीकडे करार केला तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये भरपाई मिळते. भरपाई किती वरची हे संघाच्या खर्चावर ठरतं. यांकीज पगारावरच्या मर्यादेपलीकडे खर्च करणारे, म्हणून त्यांना तळाची जागा. सोटोला घेणाऱ्या मेट्सनीही आपल्या दोन जागा आणि परदेशी तरुणांना करारबद्ध करायच्या निधीतले 10 लाख डॉलर गमावले. दोन अटी लक्षात ठेवाव्यात: खेळाडू पूर्ण हंगाम त्याच संघात असायला हवा, आणि त्याला आधी कधी असा प्रस्ताव मिळालेला नसावा. जुलैअखेर ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत आणलेला खेळाडू सोडून गेला तर काहीच मिळत नाही. ‘निदान एक पिक (ड्राफ्टमधली जागा) तरी मिळेल’ असं म्हणणारे चाहते इथे हमखास फसतात.

कधी कधी मात्र भरपाईतूनही सोनं निघतं. तेव्हाचे नियम वेगळे होते. 2011 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा अल्बर्ट पुहोल्स 10 वर्षांच्या 24 कोटींच्या करारावर एंजल्सकडे गेला. भरपाईत मिळालेल्या 2012 च्या एकोणिसाव्या जागेवर कार्डिनल्सनी मायकेल वाका नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू घेतला. पुढच्याच वर्षी नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. सेंट लुईसचा राग निवळायला याचा हातभार लागला नसेल असं म्हणवत नाही.

मग राग कुणावर?

पहिला प्रश्न असतो की जाण्याचा निर्णय कुणाचा होता. ट्रेडमध्ये तो संघाचा असतो. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूलाच ट्रेड नाकारता येतो, किंवा ज्याच्या करारात तसं कलम आहे त्याला. बाकीच्यांना फोन येतो आणि बॅग भरावी लागते. वॉशिंग्टनच्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खेळाडूला टाळ्या दिल्या आणि मालकांच्या नावानं बोटं मोडली.

बोस्टनमध्ये हेच आणखी ठळकपणे घडलं. मूकी बेट्स 2018 चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षी रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. फेब्रुवारी 2020 मध्ये, करारात एक वर्ष उरलेलं असताना, संघानं त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे दिलं. कारण लक्झरी टॅक्स. संघाचा एकूण पगारखर्च एका मर्यादेपुढे गेला की वरच्या रकमेवर कर बसतो: पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षापासून 50. एकदा मर्यादेखाली उतरलं की पाटी कोरी. बोस्टननं बेट्ससोबत डेव्हिड प्राइसचा जड करारही डॉजर्सच्या गळ्यात घातला, त्यातली निम्मी रक्कम स्वतः भरायचं मान्य करून. त्यावरून लोकांना कळलं की खरा हेतू हिशेब हलका करण्याचा होता. बेट्सनं त्याच वर्षी डॉजर्सशी 12 वर्षांचा 36.5 कोटींचा करार केला आणि शरदात वर्ल्ड सिरीजही जिंकली. ऑगस्ट 2023 मध्ये तो फेनवे पार्कवर परतला तेव्हा त्याचं स्वागत घरच्यासारखं झालं.

सान डिएगोचा निरोप या दोन्हींच्या मधला. तिथले मालक पीटर सीडलर नोव्हेंबर 2023 मध्ये वारले. पैसा सढळ हातानं खर्च करणारे म्हणून गावाला त्यांचं कौतुक होतं. त्यांच्यामागे खर्चाला कात्री लागणार हे दिसत होतं आणि एका हंगामासाठी सोटोचे तीन कोटी डॉलर भरणं अवघड होतं. चाहते हळहळले, पण फार पेटले नाहीत. मिळालेल्यांपैकी मायकेल किंग संघाचा भरवशाचा पिचर झाला. ड्रू थॉर्पला पुढे देऊन डिलन सीज आणला, त्यानं 25 जुलै 2024 ला नो-हिटर टाकला. म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिला नाही.

पाच कोटींचा फरक की पन्नास लाखांचा?

न्यूयॉर्कमध्ये निर्णय सोटोचा होता, आणि तो गेला त्याच शहरातल्या शेजाऱ्यांकडे. 8 डिसेंबर 2024 ला बातमी फुटली: मेट्स, 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलर. यांकीजनी 16 वर्षांसाठी 76 कोटी देऊ केले होते. ‘50 लाखांसाठी सोडून गेला’ हे वाक्य त्या रात्रीपासून बोललं जाऊ लागलं आणि अजून ऐकू येतं.

हा हिशेब कच्चा आहे. एकूण रक्कम पाहू नये, वर्षाची सरासरी पाहावी. 76.5 भागिले 15 म्हणजे वर्षाला 5.1 कोटी, 76 भागिले 16 म्हणजे 4.75 कोटी. फरक वर्षाला 35 लाख डॉलरचा, म्हणजे 15 वर्षांत सव्वापाच कोटींचा. वर मेट्सनी 7.5 कोटी सही करतानाच द्यायचं कबूल केलं आणि एकही डॉलर पुढे ढकलला नाही.

शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण करारांची तुलना करताना सर्वात जास्त चूक इथेच होते. शोहेई ओहतानीचा डॉजर्सशी झालेला करार 10 वर्षांचा, 70 कोटींचा. पण त्यातले 68 कोटी त्याला 2034 ते 2043 या काळात, बिनव्याजी मिळणार आहेत. खेळत असताना वर्षाला फक्त 20 लाख. त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या वहीत त्याची नोंद वर्षाला 7 कोटी होत नाही, साधारण 4.6 कोटी होते. पगारवाढीऐवजी ‘पेन्शनमध्ये बघू’ म्हणणारा शेठ डोळ्यांसमोर आणा, मग सोटोच्या रोख कराराची किंमत कळेल.

ठिणगी कशानं पडते

खेळाडू स्वतःहून गेला तरी प्रत्येक वेळी आग लागतेच असं नाही. पुहोल्स स्वतःहून गेला होता, कॅलिफोर्नियाला, दुसऱ्या लीगमध्ये. सेंट लुईसला तो पाहुणा म्हणून आला तो थेट जून 2019 मध्ये, साडेसात वर्षांनी. मधल्या काळात रागाला रोज सरपण मिळालं नाही. त्या मालिकेत त्यानं कार्डिनल्सविरुद्ध होमरन मारला आणि कार्डिनल्सच्याच चाहत्यांनी त्याला डगआउटमधून पुन्हा बाहेर बोलावून मानवंदना दिली. 2022 मध्ये तो शेवटच्या हंगामासाठी तिथेच परतला आणि 703 होमरनवर थांबला.

उलट शेजारी किंवा हाडवैरी संघात जाणं म्हणजे दर महिन्याला जखमेवरची खपली काढणं. 2005 च्या शेवटी जॉनी डेमन बोस्टन सोडून यांकीजकडे गेला. लांब केस आणि दाढी ही त्याची ओळख. यांकीजच्या तेव्हाच्या नियमात दोन्ही बसत नव्हते, म्हणून न्हाव्याकडे जाऊन आला. 1 मे 2006 ला फेनवेवर त्याच्यावर नोटा उधळल्या गेल्या. ही युक्ती जुनीच. 2001 मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ 25.2 कोटींचा करार करून टेक्सासला गेला, तेव्हा सिअ‍ॅटलच्या लोकांनीही परतलेल्या रॉड्रिगेझवर खोट्या नोटा फेकल्या होत्या. ‘खोके’ या शब्दाचा महाराष्ट्रात काय अर्थ झाला हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या नोटांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तोंडातून निघालेला शब्दही महागात पडतो. ब्राइस हार्पर वॉशिंग्टन सोडून फिलाडेल्फियाला गेला, 13 वर्षांच्या 33 कोटींच्या करारावर. नव्या संघाच्या पहिल्याच पत्रकार परिषदेत तो सवयीनं बोलून गेला की मला डीसीला (म्हणजे वॉशिंग्टनलाच!) विजेतेपद आणायचं आहे. दोन्ही गावांना आयता विनोद मिळाला. 2 एप्रिल 2019 ला वॉशिंग्टनमध्ये त्याची जोरदार हुर्यो उडवली गेली. पहिल्या दोन खेपांना तो स्ट्राइक-आउट म्हणजे बाद झाला, मग दोन बेस गाठून देणारा डबल मारला, आणि शेवटी लांबलचक होमरन. त्याच वर्षी हार्परविना नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर त्याच्यावरच्या रागाला पूर्वीची धार राहिली नाही.

आपल्याकडे हा प्रकार 2024 च्या आयपीएलमध्ये दिसला. हार्दिक पांड्या गुजरात सोडून मुंबई इंडियन्सकडे आला. अहमदाबादेत त्याची हुर्यो उडाली ती सोडून गेला म्हणून, आणि वानखेडेवर उडाली ती रोहित शर्माचं कर्णधारपद त्याला दिलं म्हणून. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना जरा आवरायला सांगावं लागलं. कर्णधार बदलण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता, पण व्यवस्थापन काही लाँग-ऑनला फिल्डिंग करत नाही.

‘गद्दार’ हा शब्द कधीपासून शक्य झाला

बोस्टननं बेब रूथला 1919 च्या डिसेंबरअखेर एक लाख डॉलरला यांकीजला विकलं, तेव्हा रूथला कुणी विचारलं नव्हतं. करारातल्या राखीव हक्काच्या कलमामुळे खेळाडू कायमचा संघाच्या मालकीचा राहायचा. 1969 मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडनं फिलाडेल्फियाला झालेला ट्रेड नाकारला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला, कारकीर्दही गेली. पण 23 डिसेंबर 1975 ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरना मोकळं ठरवलं आणि पुढच्या वर्षीच्या वाटाघाटींतून सहा वर्षांचा नियम आला. खेळाडूनं सोडून जाण्याचा राग चाहत्यांना खऱ्या अर्थानं धरता आला तो तिथपासून. त्याआधी विकणाऱ्यालाच शिव्या घालाव्या लागत.

तुमचा स्टार जाणार का, हे कसं ओळखावं

सेवेची वर्षं मोजा, नावापुढे 4.134 असं लिहिलेलं दिसलं तर चार वर्षं आणि 134 दिवस. पाच पूर्ण झाली आणि लांबचा करार नाही, तर जुलैच्या शेवटाकडे डोळे ठेवा, कारण ट्रेडची मुदत तेव्हा संपते. संघ लक्झरी टॅक्स भरतोय का आणि सलग कितवं वर्ष आहे ते पाहा. मालक संघ विकायला निघालाय का तेही. दुसऱ्या संघाकडून त्याच जागेचा खेळाडू आणला गेला, तर विषय संपला: 14 मार्च 2022 ला अटलांटानं मॅट ओल्सनला आणलं त्याच क्षणी त्यांचा फ्रेडी फ्रीमन गेल्यात जमा होता, त्याची सही डॉजर्सकडे व्हायची बाकी असली तरी. जूनमध्ये तो विजेतेपदाची अंगठी घ्यायला अटलांटाला आला आणि पत्रकारांसमोर रडला. लोकही हळवे झाले होते.

जर्सीचं काय करायचं हा प्रश्न उरतो. जाळू नका, महाग असते. नावावर पट्टी चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. यांकीजच्या बाबतीत तेवढंही लागत नाही, त्यांच्या खऱ्या गणवेशावर नाव नसतंच, फक्त आकडा असतो. सोटोचा 22. मेट्समध्येही त्याला 22 च हवा होता. तो ज्याच्याकडे होता त्या ब्रेट बेटीनं दिला, आणि सोटोनं त्याला गाडी भेट दिली.

सोटो गेल्यावर यांकीजनी वाचलेल्या पैशांत मॅक्स फ्रीड हा पिचर घेतला, ट्रेडमध्ये कोडी बेलिंजर आणला. 2025 मध्ये सोटोनं 43 होमरन मारले, तरी मेट्स शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर गेले; यांकीज आत गेले.

मेट्सच्या चाहत्यांनी मात्र एक तारीख वहीत लिहून ठेवावी: 2029 च्या हंगामाचा शेवट. पाच वर्षं झाली की सोटोला करारातून बाहेर पडायची मुभा आहे, तेव्हा तो 31 चा असेल. ती मुभा रद्द करायची तर मेट्सना उरलेल्या दहा वर्षांसाठी वर्षाला 40 लाख डॉलर वाढवून द्यावे लागतील, म्हणजे एकूण करार 80.5 कोटींवर जाईल. तेवढे त्यांनी भरले नाहीत आणि तो गेला, तर हुर्यो कुणाची उडवायची हे तेव्हा ठरवता येईल.